तंबोऱ्याचा भोपळा आणि मिरजेचे नाव

गाण्याच्या बैठकीला तुम्ही कधी गेला असाल तर गवयाच्या मागे बसलेली तंबोऱ्यांची जोडी तुम्ही पाहिली असेल. या वाद्यावर कोणी गत वाजवत नाही, कोणी त्यावर टाळ्या देत नाही. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, एवढेच. तरीही तो आवाज थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीन सरकते. महाराष्ट्रात हे वाद्य बनवण्याचे मोठे ठिकाण म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, सत्कार झाले. त्या वेळी माझ्या मनात एक प्रश्न आला तो आज तुमच्यापुढे ठेवतो. नाव तर राखले गेले. पण ज्या वस्तूंपासून तंबोरा बनतो त्या पुढच्या पन्नास वर्षांत मिळत राहतील काय?

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. त्यामुळे कायद्याकडे जाण्याआधी मी तारेकडे जातो.

ताणलेल्या तारेची कंप्रता (तुमच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल) तीन गोष्टींवर ठरते: तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या एक मीटर तुकड्याचे वस्तुमान. ताण चौपट केला की कंप्रता दुप्पट होते. लांबी दुप्पट केली की कंप्रता निम्मी होते. आता पुरुषी आवाजासाठी लावलेला तंबोरा घेऊ. मधल्या दोन तारा, ज्यांना जोड म्हणतात, त्या पोलादी असतात. त्यांचा मोकळा भाग १ मीटर आणि व्यास ०.३ मिलिमीटर धरू. अशा तारेच्या एका मीटरचे वस्तुमान सुमारे ०.५५ ग्रॅम भरते. तिच्यातून सेकंदाला १४० कंपनांचा षड्ज काढायचा तर ताण किती लागेल? लांबीची दुप्पट गुणिले कंप्रता म्हणजे २८०, त्याचा वर्ग ७८,४००, त्याला ०.०००५५ किलोग्रॅमने गुणले की सुमारे ४३ न्यूटन. म्हणजे तारेला जवळजवळ साडेचार किलोग्रॅमचे वजन टांगल्यासारखे झाले. खरजाची तार याच्या निम्म्या कंप्रतेची. पोलादी तारच वापरली तर ताण चौथ्या हिश्श्यावर येऊन ती लुळी पडेल, म्हणून तेथे जाड पितळी तार घालतात. पंचमाची तार धरून चारही तारांचा एकूण ताण चौदा-पंधरा किलोग्रॅमच्या घरात जातो. हे ओझे वाद्य वाजत असो वा खुंटीला टांगलेले असो, वर्षानुवर्षे दांडीवर, भोपळ्यावर आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या लाकडी गळ्यावर राहते. तेव्हा लाकूड मुरलेले आणि भोपळा टणक हवा, ही कारागिरांची केवळ हौस नव्हे.

पण तंबोऱ्याची खरी गंमत घोडीत आहे. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी तबलीवर ही घोडी उभी असते आणि तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनची घोडी पाहा, तिला धार असते. तार तेथे एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी वरून रुंद आणि किंचित फुगीर घासलेली असते. तार तिला चाटत चाटत सुटते. या घासणीला जवारी म्हणतात. शिवाय प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवून योग्य जागी आणला की आवाज एकदम उमलतो आणि एका तारेतून अनेक स्वर ऐकू येऊ लागतात.

यात चमत्कारिक काय, ते एका प्रयोगाने कळेल. तुमच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असेल. त्याची तार अगदी मधोमध छेडा आणि लगेच त्याच मध्यबिंदूला पिसाने किंवा बोटाने हलकेच स्पर्श करा. आवाज मरतो. कारण सरळ आहे. ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू तारेच्या मध्यावर पडतो (दुप्पट, चौपट, सहापट कंप्रतेचे) ते मध्यावर छेडल्याने निर्माणच होत नाहीत. आणि जे निर्माण होतात त्या सर्वांचे कंपन मध्यावरच सर्वांत मोठे असल्यामुळे तुमच्या स्पर्शाने ते थांबतात. यंग आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. आता हाच प्रयोग जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यावर करा (अर्थात मालकाला विचारून). मध्यबिंदूला स्पर्श केल्यावरही वरच्या सप्तकाचा षड्ज स्वच्छ वाजत राहतो! जो स्वर जन्मालाच यायला नको होता तो हजर असतो.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या एका लेखात नेमके हेच दाखवले: वीणा आणि तंबोरा ही वाद्ये यंग-हेल्महोल्ट्झ नियमाला जुमानत नाहीत. नोबेल पारितोषिक मिळवून देणारा शोध लागण्याआधी सात वर्षांची ही गोष्ट. कारण घोडीच्या आकारात आहे. कंपन करताना तार फुगीर पृष्ठभागावर थोडी टेकते, थोडी उठते. टेकण्याची जागा मागेपुढे सरकत राहते. प्रत्येक आंदोलनात घोडी तारेला एक बारीकसा धक्का देते, आणि हा धक्का मध्यावर नसून टोकाशी असतो. म्हणून मध्यावर निस्पंद असलेल्या उपस्वरांनाही त्यातून ऊर्जा मिळते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका दुकानी मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. हे सारे मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर सांगतो तसे सांगितले. घोडी घासत बसलेले वृद्ध चाचा ऐकून घेऊन म्हणाले, "सर, तुमचं बरोबर असंल. पण कानस किती फिरवायची ते तारच सांगते." आणि त्यांनी घोडी पुन्हा तारांखाली बसवून, दोन वेळा तार छेडून, पुन्हा काढली. हे काढणे-बसवणे त्यांनी आमच्या समोर सात-आठ वेळा केले.

याच गल्लीबद्दल असे सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी, हत्यारांचा धंदा बसत चालल्यावर, वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे ती बनवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होताच. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावाला गवयांचा राबता लागला. असो. इतिहास हा आजचा विषय नाही.

नाव कोणाचे, माल कोठला?

भौगोलिक मानांकन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक मुख्यत्वे तिच्या गावामुळे असेल तर त्या गावाचे नाव त्या वस्तूला लावण्याचा हक्क तेथील उत्पादकांपुरता राखून ठेवता येतो. यासाठी आपल्या देशात १९९९ साली कायदा झाला, तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि नोंदणीचे कार्यालय चेन्नईला आहे. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची. हा हक्क एका माणसाचा नसतो, समूहाचा असतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे पुन्हा करता येते. अर्जाबरोबर वस्तूचे वर्णन, बनवण्याची रीत आणि प्रदेशाचा नकाशा द्यावा लागतो.

या नकाशापाशी मी थबकलो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या खोऱ्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. दांडी आणि तबलीचे लाकूड येते कर्नाटकातील जंगलांकडून. हे तुणाचे लाकूड. व्यापारी त्याला रेड सीडर म्हणतात, पण त्याचा देवदाराशी काही संबंध नाही. हे झाड कडुनिंबाच्या कुळातले. चकाकी आणणाऱ्या पॉलिशमधील लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या कीटकांची. म्हणजे तंबोऱ्याचा नकाशा काढायचा तर तो निदान दोन राज्यांत पसरेल. कायद्याचा नकाशा मात्र मिरजेपाशी थांबतो. यात बेकायदा काही नाही. कारखानी किंवा हाताने घडवलेल्या वस्तूंच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक काम त्या प्रदेशात झाले तरी पुरे, असे कायदाच म्हणतो. आणि मिरजेचे कर्तृत्व त्या कामात आहेच. भोपळा आणि लाकूड दुसऱ्या गावी नेऊन ठेवले म्हणून जवारी लागत नाही.

परंतु मानांकनाचे काम नकलेला अडवण्याचे आहे. माल संपू लागला तर ते काही करू शकत नाही. उलट नाव झाले की मागणी वाढते, आणि मालावरचा भार वाढतो.

माल संपल्यावर काय होते याचे एक उदाहरण याच वाद्यात आहे. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. तार सतत आपटल्याने घोडीवर चरा पडतो आणि आवाज बिघडतो. म्हणून पदार्थ कठीण, एकजीव आणि बारीक पोताचा हवा. हस्तिदंत त्याला उत्तम. पण वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या आणि हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्या वेळी अनेकांना वाटले की आता वाद्यातला जीव गेला. तसे झाले नाही. जनावरांचे हाड, शिसवी, आबनूस आणि कृत्रिम पदार्थ आले. काही वादक नाक मुरडतात, पण तंबोरे वाजताहेत. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. रामन यांनी सांगितलेला परिणाम घोडीच्या वक्रतेतून येतो. पदार्थ ती वक्रता किती दिवस टिकवतो एवढाच प्रश्न. हाड लवकर झिजले तर जवारी लवकर काढावी लागेल. हत्तीचा जीव जाण्यापेक्षा ते बरे.

भोपळ्याचे तसे नाही. फायबरचे कवच करून पाहतात, लाकडी बुंध्याचेही वाद्य होते. पण मग त्या वस्तूला मिरजेचा तंबोरा का म्हणायचे, असा प्रश्न नोंदणीच्या कागदावरच उभा राहील.

तीन घड्याळे

आता एक सोपा हिशेब करू. आकडे मी मानलेले आहेत, हे लक्षात ठेवा. तुम्ही तुमचे घालून पाहा. समजा गावात वर्षाला १,२०० वाद्ये होतात आणि एका पुरत्या वाढलेल्या झाडातून २० वाद्यांचे लाकूड निघते. म्हणजे वर्षाला ६० झाडे लागली. झाड तोडणीस येण्यास ५० वर्षे लागतात असे धरू. तोड कायम चालू ठेवायची तर एका वर्षाची ६० रोपे, दोन वर्षांची ६०, असे करत पन्नास वर्षांपर्यंतची ६० झाडे एकाच वेळी उभी हवीत. म्हणजे ६० गुणिले ५०, अर्थात ३,००० झाडे. प्रत्येकाला २५ चौरस मीटर जागा दिली तर ७५,००० चौरस मीटर, म्हणजे साडेसात हेक्टर. ही जमीन काही फार नाही! माझा हिशेब तिपटीने चुकला असे धरले तरी एखाद्या गावाच्या गायरानात ती मावेल. अडचण जमिनीची नाही, वाट पाहण्याची आहे. आज रोप लावणाऱ्या माणसाला त्याचा तंबोरा बहुधा ऐकायला मिळणार नाही. म्हणून तो लावत नाही आणि आपण जंगलाच्या जुन्या शिलकीवर जगतो.

भोपळ्याचे घड्याळ एका वर्षाचे. १,२०० भोपळे हवेत आणि तीनांतून एकच उपयोगी पडतो असे धरले तर ३,६०० पिकवावे लागतील. एका वेलाला दोनच मोठी फळे राखली तर १,८०० वेल. वेलाला ४ चौरस मीटर दिले तर ७,२०० चौरस मीटर. म्हणजे दोन एकरांच्याही आत! मी हा हिशेब तीन वेळा तपासला. वेलाला दसपट जागा दिली तरी अठरा एकरांच्या आतच राहतो. मला येथे धक्का बसला, कारण मी समजत होतो की पटकन वाढणारा भोपळा ही निश्चिंतीची बाजू. वास्तविक हीच नाजूक बाजू आहे. इतके छोटे पीक म्हणजे ते मूठभर शेतकऱ्यांच्या हाती. त्याचे बी कोणी कंपनी पाकिटात घालून विकणार नाही, त्याचा भाव बाजारसमितीच्या फळ्यावर लागणार नाही. त्या मूठभरांपैकी दोघांनी ऊस लावला तर गल्लीत टंचाई.

आणि त्यांनी ऊस का लावू नये? हा भोपळा कडू. कोणी खात नाही. कारागीर घेईल तरच त्याची किंमत. फळ मोठे होऊन, कवच टणक होईपर्यंत महिनोन् महिने शेतात राहते. एका कुशीवर पडून राहिले तर चपटे होते, म्हणून ते बसते करून ठेवावे लागते. वाळत असता अवकाळी पाऊस आला तर कवचावर डाग पडतात, कुजते. शेवटी ते सरळ, गोल, योग्य घेराचे निघाले तर विकले जाते. पुरुषी तंबोऱ्याला तर चार फुटांच्या आसपास किंवा त्याहून मोठा घेर हवा. जोडीचे तंबोरे करायचे तर एकसारखे दोन हवेत.

त्यातून बियाण्याचा एक पेच आहे. तंबोऱ्याचा भोपळा आणि आपल्या भाजीतला दुधी एकाच जातीचे आहेत. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि कीटक पराग इकडून तिकडे नेतात. शेजारच्या शेतात दुधी असला तर संकर होणारच, आणि पुढच्या वर्षी फळाचा आकार बिघडणार. म्हणून बी निवडून राखावे लागते. पण उत्तम भोपळ्याचे बी कोठे असते? भोपळ्याच्या पोटात! आणि उत्तम भोपळा तर न फोडता मिरजेला जातो. तेथे तो पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, मग आत काठ्या लावून आकार देतात. त्या दुकानात मी खरवडलेल्या बियांचा ढीग पाहिला आणि विचारले, "चाचा, यांचं काय करता?" ते म्हणाले, "भोपळेवाला आला की मूठभर त्याच्या पिशवीत घालतो. माझे अब्बाही घालायचे." पंढरपूर-मंगळवेढ्याचा भोपळा आणि मिरजेचा तंबोरा यांच्यामधला हा करार कोणत्याही नोंदणीत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला, म्हणजे तेथल्या प्रसिद्ध मालदांडीला, २०१६ साली स्वतःचे मानांकन मिळाले आहे. (ज्वारी आणि जवारी यांची गल्लत करू नका, परीक्षेत मी गुण कापीन.) भोपळ्याचे नाव मात्र तंबोऱ्याच्या नावाखाली झाकलेले राहिले. नकाशा राज्याची सीमा ओलांडू शकत नाही असेही नाही. कोल्हापुरी चपलेच्या नोंदणीत महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे एकत्र आहेत. मग तंबोऱ्याच्या नोंदणीत, नूतनीकरणाच्या वेळी का होईना, भोपळा कोठला, बी कोणते, लाकूड किती वयाचे, त्याबदली किती रोपे लावली, हे का लिहू नये? माझ्या मते लिहावे, आणि वाढलेल्या किमतीतला काही पैसा आधी ठरलेल्या भावाच्या रूपाने भोपळेवाल्यापर्यंत जावा. तो गेला नाही तर नाव राहील आणि त्यामागे फायबर येईल.

तिसरे घड्याळ माणसाचे. जवारी काढण्याचा हात तयार व्हायला दहा वर्षे लागतात आणि कारागीर चाळीस वर्षे काम करतो असे धरा. दोनशे कारागीर कायम हवे असतील तर दरवर्षी किती मुलांनी शिकायला बसले पाहिजे, आणि कोणत्याही एका वेळी शिकणारे किती असले पाहिजेत? रीत वरच्या झाडांचीच आहे. भ्रमणध्वनीतला फुकटचा तंबोरा आल्यावर ही संख्या कशी बदलेल याचाही विचार करा.

हा हिशेब तुम्ही आपल्या जिल्ह्यासाठीही करू शकाल. मानांकन मिळालेली एखादी वस्तू निवडा: सोलापुरी चादर, पैठणी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोकणातला हापूस. तिला लागणाऱ्या मालाची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: तो नकाशाच्या आत मिळतो की बाहेर, पुन्हा तयार व्हायला किती वर्षे लागतात, आणि किती लोकांच्या हाती आहे. शिक्षकांना विनंती की यादी पुस्तकातून उतरवू न देता मुलांना कारागिराकडे पाठवावे. कारागिरांच्या प्रश्नाची उत्तरे पाच आणि पन्नास अशी आली पाहिजेत.